रोग होण्याआधीची काळजी: बेळगाव सीमाभागातील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीमाभागातल्या मराठी घरात आरोग्याची माहिती दोन वाटांनी येते. सरकारी दवाखान्यातला फलक, बाळंतिणीच्या हातातले कार्ड आणि गोळ्यांच्या पाकिटावरची सूचना बहुधा कन्नडमध्ये असते, तर दूरदर्शनवरचे आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या पाहुण्यांकडून कळलेले सगळे मराठीत असते. दोन्ही वाटांनी आलेली माहिती पुष्कळदा अर्धीच पोहोचते आणि त्यातल्या मोकळ्या जागा ऐकीव गोष्टींनी भरल्या जातात. खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव तालुक्यांतील महिला मंडळांत, दूध डेअरीच्या कट्ट्यावर आणि लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. अंगावरच्या दुखण्याचा निर्णय मात्र रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

आजारी पडल्यावर दवाखाना आहेच. मग आधीपासून एवढी काळजी कशासाठी?

कारण काही आजारांत दवाखान्यात पोहोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते आणि काहींत उपचार असूनही घराची घडी विस्कटते. बेळगावकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. टिळकवाडीतले व्हॅक्सिन डेपोचे मैदान आपण सगळे ओळखतो, पण ते नाव देवीच्या लसीवरून पडले, हे आज थोड्यांनाच ठाऊक असते. ज्या देवीने घरोघरी माणसे नेली आणि जगली त्यांचे चेहरे व्रणांनी भरून टाकले, तिच्यावर शेवटपर्यंत खात्रीचे औषध सापडले नाही. ती गेली लसीमुळे. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे समूळ उच्चाटन झाल्याचे जाहीर केले.

प्लेगाची आठवण त्याहून जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुढच्या काही वर्षांत इलाख्याच्या दक्षिण भागात पसरला, तेव्हा माणसे गावातली घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहिली. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून रोग येतो, हे त्या वेळी लोकांना माहीत नव्हते; तरीही उंदीर पडू लागले की घर सोडायचे, एवढी खूण त्यांनी धरली होती आणि ती खूण बरोबर होती.

प्रतिबंधाच्या पायऱ्या तीन आहेत. रोग होऊच न देणे ही पहिली: लस, शुद्ध पाणी, तंबाखूला न शिवणे. रोग शरीरात शिरला असेल तर त्रास सुरू होण्याआधी तो ओळखणे ही दुसरी, जसे की काहीही दुखत नसताना रक्तदाब मोजून घेणे. आणि रोग जडलाच असेल तर त्यातून लकवा, अंधत्व किंवा मूत्रपिंड निकामी होणे यांसारखे पुढचे नुकसान टाळणे ही तिसरी. मधुमेह झाला म्हणजे सगळे संपले असे समजून पथ्य सोडणाऱ्यांनी ही तिसरी पायरी विशेष लक्षात घ्यावी.

आमच्या गावची विहीर पिढ्यान्‌पिढ्या गोड पाण्याची आहे. तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकण्याची खरोखर गरज असते का?

पाणी गोड आणि नितळ असणे वेगळे व निर्धोक असणे वेगळे. कॉलरा, विषमज्वर, कावीळ आणि हगवण यांचे जंतू पाण्याची चव किंवा रंग बदलत नाहीत. पावसाळ्यात गोठ्याचे, उकिरड्याचे आणि उघड्यावरचे पाणी झिरपून विहिरीत उतरते, म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतरचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात.

पावडर किती टाकावी याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यापुरता न राहता गावातल्या चार जणांना यावा, असे मला मनापासून वाटते. तो अवघड नाही. गोल विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ३ मीटर असेल, तर ३.१४ × ४ × ४ × ३ भागिले ४ म्हणजे ३७.६८ घनमीटर, अर्थात सुमारे ३७,७०० लिटर पाणी झाले. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर, जिला पंचायतीत टीसीएल म्हणतात, १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. म्हणजे या विहिरीला सुमारे ९५ ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर प्रमाण वाढवावे लागते.

पावडर कोरडी फेकू नये. बादलीत थोडे पाणी घालून तिची लापशी करावी, मग पाऊण बादली पाणी भरून ढवळावे आणि दहा मिनिटे तशीच ठेवावी. चुन्याचा गाळ तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने विहिरीत सोडावी, पाण्याखाली वरखाली हलवून ते सर्वत्र मिसळावे आणि किमान एक तास कोणी पाणी भरू नये. रात्री हे काम केल्यास सकाळपर्यंत पाणी तयार असते. उरलेला चुना विहिरीत टाकू नये, त्याने पाणी जड होते. शेवटी ओ.टी. चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते दाखवणारी थेंबांची चाचणी, करावी. पाण्याला पिवळी छटा आली की क्लोरीन शिल्लक आहे. महिनोन्‌महिने तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातली पावडर निकामी झालेली असते. तिचा उग्र वास गेला असेल तर ती टाकून काही उपयोग नाही.

घरात पाणी गाळून पितो. तेवढे पुरेसे आहे का?

नाही. फडक्याने गाळल्यावर गाळ आणि किडे जातात, जंतू जात नाहीत. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते आणखी किमान एक मिनिट उकळू द्यावे आणि ज्या भांड्यात उकळले त्यातच झाकून गार करावे. इंधन परवडत नसेल तर आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या वापराव्यात, प्रमाण पाकिटावर दिल्याप्रमाणे घ्यावे आणि अर्धा तास थांबावे. उकळलेल्या पाण्याच्या पातेल्यात प्रत्येकाने हात बुडवून पेला भरला तर सगळे श्रम वाया जातात. लांब दांड्याचा ओगराळा किंवा तोटी असलेले भांडे हा त्यावरचा साधा आणि स्वस्त उपाय आहे.

जुलाब झाले की सलाईन लावल्याशिवाय ताकद येत नाही, असे सगळे म्हणतात. हे खरे आहे का?

हा समज आपल्या भागात फार खोलवर रुजलेला आहे आणि त्यापायी गरीब घरांचे पैसे विनाकारण खर्च होतात. सलाईनच्या बाटलीत मुख्यत्वे मीठ आणि पाणी असते, काहींत साखरही असते. रुग्ण शुद्धीवर असेल आणि पिऊ शकत असेल, तर तीच भरपाई तोंडाने देता येते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे पाणी पिंपांत तयार करून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. आज ओआरएसचे जे पाकीट आपण हातात घेतो त्याच्यामागे हा अनुभव आहे.

मोठे पाकीट एक लिटर पाण्यात एकाच वेळी पूर्ण मिसळायचे असते. अर्धे पाकीट पेल्यात आणि अर्धे पुडीत, असे करू नये, कारण मिठाचे प्रमाण चुकले तर लहान मुलाला अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये आणि जेवणही तोडू नये. मऊ भात, ताक, पेज चालते. मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंकची गोळी दिली तर जुलाब लवकर थांबतात आणि पुढचे काही महिने पुन्हा होण्याची शक्यताही कमी होते.

डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली पोटाची कातडी हळूहळू पूर्ववत होऊ लागली, मूल सुस्त पडले, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र एक क्षणही न दवडता दवाखाना गाठावा. तेथे सलाईन लागते आणि तेथेच ते खऱ्या अर्थाने जीव वाचवते.

डेंग्यूचे डास गटारात होतात ना? मग पंचायत गटार का साफ करत नाही?

गटार साफ हवेच, पण डेंग्यूचा डास तेथे सहसा वाढत नाही. त्याला साठवलेले, तुलनेने स्वच्छ पाणी लागते आणि ते आपल्याच घरात असते. ज्या गल्ल्यांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, तेथे प्रत्येक घरात बॅरल, हौद, रांजण आणि घागरी भरून ठेवलेल्या असतात. पाणी साठवणाऱ्या गृहिणीला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण पाणी रोज आले असते तर तिने साठवलेच नसते. पण तोवर काय करता येईल, ते पाहू.

दुपारी बॅरलचे झाकण काढून आत विजेरीचा झोत टाकावा. पृष्ठभागाला शेपटी टेकवून डोके खाली लोंबकळत असलेल्या, तांदळाच्या दाण्याहूनही बारीक अळ्या दिसतील. झोत किंवा सावली पडताच त्या वळवळत तळाकडे जातात. अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवून सगळी भांडी रिकामी करावीत. नुसते ओतून भागत नाही. मादी आपली काळपट अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवते आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पाणी पुन्हा चढले की त्यांतून अळ्या बाहेर येतात. म्हणून काथ्याने किंवा ब्रशने आतली कड खरवडून काढावी आणि भांडे उन्हात वाळवून मगच भरावे. जो हौद रिकामा करणे शक्य नाही, त्याला घट्ट झाकण किंवा दोनपदरी कापड बांधावे, नाहीतर आरोग्य कर्मचाऱ्यांकडून गप्पी मासे किंवा अळीनाशक मागून घ्यावे. फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, कुंड्यांच्या खालच्या बशा, परड्यातले टायर, नारळाच्या करवंट्या आणि कोंबड्यांच्या पाण्याचे भांडे या जागा हमखास विसरल्या जातात.

धूरफवारणी झाली की लोक निश्चिंत होतात, परंतु धुराने त्या घटकेला उडत असलेले डास मरतात. बॅरलमधल्या अळ्यांना काहीही होत नाही. हा डास प्रामुख्याने दिवसा, त्यातही सकाळी आणि संध्याकाळच्या सुमाराला चावतो, त्यामुळे दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी लागते. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केले आहे आणि डासांची उत्पत्तिस्थाने ठेवणाऱ्यांना दंडाची तरतूद आहे.

तापात पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी दुकानातून आणून घेऊ नये, कारण ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावरचे दोन दिवस जास्त जपण्याचे असतात. पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार पडलेले हातपाय किंवा अतिशय ग्लानी दिसली तर रुग्णाला दवाखान्यात दाखल करावे.

पुराचे पाणी ओसरल्यावर कोणती काळजी घ्यावी?

ऑगस्ट २०१९ चा महापूर चिकोडी, अथणी, रायबाग आणि गोकाकच्या नदीकाठच्या गावांना विसरता येणार नाही. त्या पाण्यात उंदरांचे, गुराढोरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायाच्या भेगांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. भातलावणीच्या दिवसांत खानापूर भागात हाच धोका विना-पुराचाही असतो. चिखलात उतरताना शक्य असेल तेव्हा गमबूट घालावेत, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी आणि काम संपताच साबणाने हातपाय धुवावेत. अंगदुखी, पोटऱ्यांत गोळे, लालसर डोळे आणि ताप आला तर डॉक्टरांना आपण पाण्यात किंवा शेतात काम केल्याचे स्वतःहून सांगावे. ते विचारतीलच असे धरून चालू नये. प्रतिबंधक गोळी असते, पण ती कोणी घ्यावी हे डॉक्टर ठरवतात.

आम्ही काजूच्या हंगामात गोव्याकडे आणि दोडामार्गला मजुरीला जातो. माकडतापाची भीती कितपत खरी आहे?

ती खरी आहे, पण उपाय हाती असलेली आहे. हा विषाणू १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला, म्हणून शास्त्रीय भाषेत त्या जंगलाचेच नाव त्याला मिळाले. गेल्या दशकात तो सह्याद्रीच्या रांगेने उत्तरेकडे सरकून गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गच्या दोडामार्गात आढळला, आणि आपल्या भागातून तिकडे जाणाऱ्या काजू मजुरांनाही त्याची लागण झाली.

रोग पसरवते ती गोचीड. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे नेमक्या काजूच्या आणि सरपण गोळा करण्याच्या दिवसांत, तिची बारीक पिल्ले वाळलेल्या पाल्यावर असतात आणि ती इतकी लहान असतात की अंगावर चढलेली कळतही नाहीत. म्हणून पाल्यावर बसून जेवू नये, दुपारी तेथे आडवे होऊ नये. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, पायजम्याचे टोक मोज्यात खोचावे आणि आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल कामावर जाण्यापूर्वी हातापायांना लावावे. परत आल्यावर अंगावरचे कपडे थेट गरम पाण्यात टाकावेत, साबण लावून गरम पाण्याने अंघोळ करावी आणि काखा, जांघा, कानामागचा भाग व कमरेची नाडीची जागा दुसऱ्याकडून तपासून घ्यावी. जंगलात मेलेले माकड दिसले तर हात न लावता वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे, कारण माकडांचे मरणे हीच साथीची पहिली खूण असते. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही. रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कोल्हापूर जिल्ह्यात गेली. बाळाची पहिली लस तिकडे झाली. आता इकडे पुन्हा सुरुवात करावी लागेल का?

नाही. सीमाभागात हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो आणि त्याच गोंधळात कितीतरी बाळांचे डोस मागे पडतात. मुख्य लसी दोन्ही राज्यांत राष्ट्रीय वेळापत्रकाप्रमाणेच दिल्या जातात: जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि हेपॅटायटिस बी, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस), पोलिओ आणि सोबतच्या लसी, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, सोळा ते चोवीस महिन्यांत बूस्टर. मध्ये खंड पडला तरी झालेले डोस मोजले जातात आणि राहिलेल्यापासून पुढे सुरुवात होते.

महाराष्ट्रातले माता-बाल संरक्षण कार्ड इकडे दाखवावे आणि त्याची नोंद इकडच्या ‘तायी कार्ड’वर करून घ्यावी. कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई. नावावरून ते बहिणीचे कार्ड समजणाऱ्या आज्याही मी पाहिल्या आहेत. दोन्ही कार्डे एकाच पिशवीत आणि शक्यतो बाळाच्या आईच्या ताब्यात असावीत. लस दिल्यावर एक-दोन दिवस ताप येणे, सुई टोचलेली जागा दुखणे हे अपेक्षित आहे आणि बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी होणारी पुटकुळी दाबू नये, तिच्यावर काही लावू नये. उसाच्या हंगामात कारखान्यांच्या परिसरात पालांवर राहणाऱ्या तोडकऱ्यांची मुले या सगळ्यातून सुटतात. ज्यांच्या शेतात तोड चालू आहे, त्यांनी आशाताईंना एक फोन केला तर त्या मुलांना लस मिळू शकते.

नवरा इचलकरंजीला मागावर कामाला आहे आणि त्याला क्षयरोग झाला. औषध कोठून घ्यायचे? घरच्यांनी काय करायचे?

तपासणी आणि उपचार दोन्ही राज्यांत सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. नोंदणीनंतर मिळणारा निक्षय क्रमांक देशभर चालतो, त्यामुळे कामाच्या ठिकाणाहून गावी येताना आधी कळवले तर उपचार इकडच्या केंद्राकडे वर्ग होतो आणि एकही दिवस गोळी चुकत नाही. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढते आणि नेमक्या त्याच टप्प्यावर माणूस गोळ्या सोडतो. उरलेले जंतू मग औषधाला दाद देईनासे होतात. गोळ्या चालू असताना लघवी नारिंगी रंगाची होते, ती औषधामुळे, घाबरू नये. पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळत असत, ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये करण्यात आली असून ती थेट बँक खात्यात जमा होते.

हा रोग खोकल्यातून हवेवाटे पसरतो, ताट-वाटीतून पसरत नाही. रुग्णाचे ताट वेगळे करण्याऐवजी खिडक्या उघडाव्यात, त्याने तोंडाला रुमाल धरावा आणि घरातल्या सर्वांनी, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांनी, तपासणी करून प्रतिबंधक उपचाराबद्दल विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल त्या प्रत्येकाने थुंकी तपासून घ्यावी.

निपाणीत तंबाखूवरच घर चालते. आम्हाला तंबाखू वाईट आहे असे सांगून काय उपयोग?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला तसेच उत्तर दिले पाहिजे. वखारीत काम करणारा मजूर आणि विड्या वळणारी बाई यांचे पोट त्या पानावर आहे, हे नाकारून कोणतीही आरोग्यशिकवण टिकणार नाही. म्हणून आधी कामाच्या जागेबद्दल बोलू. विड्या वळताना उडणारी बारीक धूळ दिवसभर श्वासावाटे आत जाते. हवा खेळती असलेल्या जागी बसणे, नाकातोंडावर ओलसर कापड बांधणे, लहान मुलांना त्या खोलीत न झोपवणे आणि जेवण्यापूर्वी हात साबणाने धुणे एवढे तरी करता येते. ओल्या पानांची तोडणी करताना निकोटिन त्वचेतून शोषले जाते आणि मळमळ, चक्कर, उलट्या होतात, म्हणून दव वाळल्यावर आणि हातमोजे घालून तोडणी करावी.

दुसरी गोष्ट मिशेरीची. दात घासण्यासाठी म्हणून भाजलेल्या तंबाखूची पूड वापरणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत, पण हिरडीतून निकोटिन रक्तात जातेच. दिवसातून चार-पाच वेळा दात घासावेसे वाटणे हे व्यसनच आहे. गरोदरपणी तिच्यामुळे बाळ कमी वजनाचे जन्मते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, तिखट न सोसणे, तोंड पूर्वीसारखे न उघडणे यांपैकी काहीही दिसले तर दुखत नसले तरी तपासून घ्यावे. कर्करोगाच्या सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच तो उशिरा सापडतो.

सोडताना पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. तलफ काही मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी, बडीशेप किंवा एखादे काम यांत काढता आला की ती ओसरते. १८००-११२-३५६ या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो.

काही त्रास नाही, तर रक्तदाब कशाला मोजायचा?

त्रास नसतो, म्हणूनच मोजायचा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. आरोग्य केंद्रात ती मोफत होते. पुन्हा पुन्हा मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक भरत असेल तर डॉक्टरांना भेटावे. गोळी सुरू झाल्यावर आकडा उतरला, तर तो गोळीमुळे उतरला आहे. मनाने ती बंद करू नये.

मिठाचा अंदाज घेण्याची एक घरगुती रीत सांगतो. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच माणसांच्या घरात ते २५ ग्रॅम होते, म्हणजे एक किलोचा पुडा किमान चाळीस दिवस जायला हवा. पुडा आणल्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवावी. तो वीस दिवसांत संपत असेल तर मीठ कुठे जाते ते शोधावे. लोणचे, पापड, ठेचा, फरसाण आणि जेवताना ताटात वाढलेली मिठाची चिमूट यांतच बहुधा ते सापडते. विकत आणलेल्या खाऱ्या पदार्थांतले मीठ या हिशेबात आलेले नाही, हेही ध्यानात ठेवावे. सैंधवातही सोडियम असतेच.

कुत्रा चावल्यावर जखमेवर चुना किंवा मिरची लावावी का?

मुळीच लावू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करून सांगितलेले सर्व डोस पूर्ण करावेत. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत द्यावयाचे वेगळे इंजेक्शनही लागते, ते आवर्जून विचारावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

हे सगळे ऐकलेले असते, पटलेलेही असते. तरी सवय का लागत नाही?

माझ्या मते या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. माणूस अडाणी आहे म्हणून हात धूत नाही, असे क्वचितच असते. साबण न्हाणीघरात आणि शौचालय परड्याच्या टोकाला, मधले अंतर तीस पावलांचे, बाहेर पाऊस आणि चुलीवर दूध. अशा वेळी माहिती हरते. एका घरात मी पाहिले की सासूबाईंनी साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून परड्यातल्या नळाला बांधली होती. कावळा नेत नाही, चिखलात पडत नाही आणि मोज्यासकट चोळली की फेस येतो. त्या घरातली मुले शौचाहून येताना आणि भाकरीला बसताना सांगितल्याशिवाय हात धूत होती. वस्तू जागेवर असली की सवय आपोआप तिच्याभोवती जमते.

दुसरे असे की, नवी सवय जुन्या सवयीला बांधावी. रक्तदाबाची गोळी सकाळच्या चहाच्या कपाटात असावी. गरोदरपणातली लोहाची गोळी मात्र चहाबरोबर घेऊ नये, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. ती रात्रीच्या जेवणानंतर, लिंबाच्या फोडीसोबत घ्यावी. बॅरल खरवडण्याचा दिवस बाजाराच्या वाराला जोडला की तो चुकत नाही.

तिसरे, घरात निर्णय कोण घेतो ते पाहावे. आरोग्याचे सगळे बोलणे सुनेशी होते, पण बाळाला लसीला न्यायचे की नाही, बॅरलला झाकण आणायचे की नाही, हे ठरवणारे सासरे त्या बैठकीला नसतात. त्यांना बोलावले पाहिजे. आणि भीती घालून फारसे साधत नाही. कर्करोगाचे चित्र पाहून माणूस मान फिरवतो, पण तंबाखूच्या पुड्यांचा महिन्याचा हिशेब मांडला तर तो थांबून ऐकतो. सवय मोडली तर पुन्हा सुरू करावी. बहुतेकांना तंबाखू पहिल्या प्रयत्नात सुटत नाही.

दवाखान्यात सगळे कन्नडमध्ये बोलतात. आईला समजत नाही. काय करावे?

न समजलेल्या सूचनेला मान हलवू नये, यासाठी आईला आधी धीर द्यावा. आपल्या भागातल्या पुष्कळ आशाताई आणि परिचारिका दोन्ही भाषा बोलतात, त्यांना सोबत घ्यावे. गोळ्यांच्या पाकिटावर सकाळसाठी एक उगवता सूर्य, रात्रीसाठी चंद्रकोर आणि जेवणानंतरसाठी ताट असे पेनाने काढून मागावे. निघण्यापूर्वी ‘मी असे असे घेणार, बरोबर ना?’ असे विचारून सूचना आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावी. चूक असेल तर तेथेच लक्षात येते. शाळेत कन्नड शिकलेली नात या कामी फार उपयोगी पडते, पण आजीच्या खासगी दुखण्याबद्दल बोलायचे असेल तेव्हा मोठी बाई सोबत असावी.

कर्नाटकात आरोग्यविषयक सल्ला आणि तक्रारीसाठी १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि मन खचले असेल, झोप उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हे मोफत क्रमांक आहेत. शेवटच्या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत बोलता येते, मराठी हवी असे सुरुवातीलाच सांगावे. हे तिन्ही आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत, कारण अडीअडचणीच्या वेळी मोबाइलमध्ये शोधायला ज्याला येते तो माणूस नेमका घरी नसतो.